मँचेस्टरचा ड्रॉ : सुहासला पत्र

वरचा बाजार, फोंडा
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर भारत-इंग्लंड कसोटी मालिकेबद्दल तू म्हणालास, "पंचवीस दिवस खेळले आणि शेवटी दोन-दोन. मग खेळले कशाला?" मी तोंड उघडणार एवढ्यात तुझी लोकल आली नि फोन बंद. म्हणून हे पत्र. कागदावर निदान तुला मला मध्येच तोडता येत नाही.

आधी घरचे. सगळी बरी आहेत. आईचे गुडघे पावसात कुरकुरतात, पण चतुर्थी दहा दिवसांवर आल्यावर तिला गुडघे कुठले आठवायला? माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताला, काय जमले आणि काय जमायचे आहे याची तोंडी यादी रोज सकाळी मला ऐकावी लागते. दुकान ठीक. वह्या-पुस्तकांची झुंबड जूनमध्ये उरकते, जुलैत गिऱ्हाईक तुरळक. त्यामुळे यंदाची इंग्लंडची मालिका गल्ल्यावर बसून, मोबाइल कॅल्क्युलेटरला टेकवून, जवळजवळ अख्खी पाहिली. दुपारी साडेतीनला खेळ सुरू, दुकानाची फळी लावेपर्यंत चहापान, उरलेले घरी जेवता जेवता. इंग्लंडातली कसोटी दुकानदारांच्या सोयीसाठीच काढली असावी अशी माझी समजूत आहे.

तू पाहिलास ओव्हलचा, म्हणजे पाचव्या कसोटीचा, शेवटचा तास, बाकी सगळे हायलाइट्स. तो तास कोणीही पाहावा असाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण मालिका ओव्हलवर वाचली असेल, कमावली ती मँचेस्टरला. आणि मँचेस्टरची कसोटी अनिर्णित राहिली, म्हणजे तुझ्या हिशेबात तिची किंमत शून्य. तिथेच तुझे-माझे वाजते.

सुरुवात आठव. मे महिन्यात पाच दिवसांच्या अंतराने रोहित आणि विराट दोघेही कसोटीतून निवृत्त झाले, अश्विन त्याआधीच गेला होता. पंचवीस वर्षांच्या गिलच्या हाती संघ. लीड्सला आपल्या फलंदाजांनी पाच शतके ठोकली, त्यातली दोन एकट्या पंतची, आणि तरी सामना गेला. एका कसोटीत पाच शतके करून हरलेला दुसरा संघ इतिहासात नाही. पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत गेले, दुसऱ्यात शेवटचे सहा ३१ धावांत, वर झेल सोडले ते वेगळेच. इंग्लंडने ३७१ धावा पाच गडी राखून काढल्या. त्या रात्री बाजारात जो तो गिलला कप्तानी शिकवत होता.

बर्मिंगहॅमला त्याच गिलने २६९ आणि १६१ केल्या, आणि एजबॅस्टनवर भारत पहिल्यांदा जिंकला, तोही ३३६ धावांनी. आकाश दीपने सामन्यात दहा बळी घेतले. त्यावर जास्त लिहीत नाही. एकतर्फी विजय पाहताना बरा वाटतो, नंतर त्यात बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

लॉर्ड्सचे मात्र मनातून जात नाही. दोन्ही संघांचा पहिला डाव बरोबर ३८७ वर संपला. जिंकायला १९३ हव्या होत्या आणि आपण १७० वर संपलो. जडेजा १८१ चेंडू खेळून ६१ वर नाबाद. आधी बुमराह, मग सिराज, दोघेही शेपटाचे, पण त्याच्याबरोबर तासन्‌तास चिकटून राहिले. शेवटी बशीरचा चेंडू सिराजने नीट खाली दाबला होता, पण तो मागे गडगडत गेला नि यष्टीला लागला. सिराज तिथेच खाली बसला. माझ्या दुकानात त्या वेळी नेमका एक मास्तर खडू घ्यायला आला होता, त्याने पैसे न देताच खडू नेले आणि मीही मागितले नाहीत.

आता मँचेस्टर, चौथी कसोटी. इंग्लंड ६६९, म्हणजे आपल्यावर ३११ धावांची आघाडी. आपला दुसरा डाव सुरू झाला आणि वोक्सच्या पहिल्याच षटकात लागोपाठच्या दोन चेंडूंवर जैस्वाल आणि सुदर्शन गेले. शून्यावर दोन. पहिल्या डावात वोक्सचाच चेंडू लागून पंतचा पाय मोडला होता, तरी तो लंगडत परत आला आणि अर्धशतक करून गेला. म्हणजे एक फलंदाज जवळजवळ कमीच. अजून दीड दिवसाहून जास्त खेळ बाकी. अशा वेळी हायलाइट्स पाहणारा माणूस मोबाइल खिशात टाकतो. मी टाकला नाही, कारण बाहेर असा पाऊस कोसळत होता की कुठे जायची सोयच नव्हती.

राहुल आणि गिल यांनी जे केले त्यात दाखवण्यासारखे काही नव्हते. सोडलेले चेंडू, मान खाली घालून अडवलेले चेंडू, हातमोजे बदलणे, पाणी. १८८ धावांची भागी झाली, पण बघण्यासारखे होते ते राहुलचे पाय. चौथ्या दिवसअखेर १७४ वर दोनच. पाचव्या दिवशी राहुल ९० वर गेला, उपाहाराच्या तोंडावर गिल १०३ वर गेला आणि जडेजाचा पहिलाच चेंडू स्लिपमध्ये रूटच्या हातात जाऊन सुटला. रूटच्या हातून! कसोटी अशी एखाद्या बोटाच्या पेरावर फिरते. पुढे जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर चहापान ओलांडून गेले, शेवटपर्यंत बाद झालेच नाहीत. १४३ षटकांत चार बाद ४२५.

शेवटच्या तासाला इंग्लंडचा कप्तान स्टोक्स हात पुढे करून आला, चला आता थांबूया म्हणून. जडेजा ८९ वर, सुंदर ८० वर. दोन्ही कप्तान कबूल असतील तरच खेळ लवकर थांबतो, आपल्या बाजूने नकार गेला. मग इंग्लंडच्या खेळाडूंनी टोमणे मारले, ब्रूकने शाळेतल्या पोरासारखे उंच लोंबते चेंडू टाकले आणि त्यावरच दोघांची शतके झाली. तुझा मुलगा म्हणे यावर चिडला होता, खेळभावना वगैरे. त्याला माझ्याकडून सांग : स्टोक्सने विचारले ते योग्य, त्याचे गोलंदाज मोडकळीला आले होते, तो स्वतः खांदा धरून गोलंदाजी करत होता. जडेजाने नाही म्हटले तेही योग्य, दिवसभर ज्याने उन्हात माती अंगावर घेतली त्याने ती केव्हा झटकायची ते त्यानेच ठरवावे. चुकले ते ते लोंबते चेंडू. राग आला तर जोरात टाका ना!

तर मुद्दा हा. मँचेस्टर हरलो असतो तर तीन-एक होऊन मालिका तिथेच संपली होती. ओव्हलला कोणी एवढ्या आशेने पाहिलेच नसते. शिवाय इंग्लंडचे गोलंदाज त्या १४३ षटकांत जे पिळून निघाले त्याची वसुली ओव्हलला झाली. स्टोक्स खांद्यामुळे तिथे खेळलाच नाही. त्यांचा पाचही सामने खेळलेला एकमेव वेगवान गोलंदाज वोक्स, त्याचा खांदा पहिल्याच दिवशी सीमारेषेवर निखळला. आपल्याकडून पाचही खेळलेला वेगवान गोलंदाज एकटा सिराज : १८५ षटकांहून अधिक गोलंदाजी, २३ बळी.

४ ऑगस्टला श्रावणी सोमवार. घरातली सगळी मंगेशीला गेलेली, मी उपाशीपोटी दुकानात, फक्त चहावर. इंग्लंडला ३५ हव्या, चार गडी हातात. मोटारसायकलवाले पायलट, म्हणजे भाड्याने माणसे नेणारे, पावसामुळे माझ्या पडवीत उभे होते, ते एकेक करून आत सरकले. पहिल्याच षटकात ओव्हरटनने दोन चौकार मारले, तेव्हा त्यातला एक म्हणाला, "गेली." आदल्या दिवशी सिराजनेच ब्रूकचा झेल घेता घेता सीमारेषेवर पाय दिला होता. ब्रूक तेव्हा १९ वर होता आणि नंतर १११ करून गेला. तोच सिराज आता पुन्हा चेंडू घेऊन आला. स्मिथ गेला, ओव्हरटन पायचीत, प्रसिधने टंगचा त्रिफळा उडवला. मग डावा हात स्वेटरच्या आत बांधलेला वोक्स बॅट घेऊन आला आणि पडवीतले सगळे गप्प झाले. पंतचा पाय ज्याच्या चेंडूने मोडला तोच हा, पण त्याच्यासाठी टाळी वाजवायला कोणी मागेपुढे पाहिले नाही. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही. सात हव्या असताना सिराजचा यॉर्कर, ॲटकिन्सनची यष्टी उडाली, सहा धावांनी विजय. भारताचा धावांच्या फरकाने एवढा निसटता विजय कसोटीत याआधी कधी नव्हता.

सिराज नंतर म्हणाला की सकाळी उठून त्याने मोबाइलवर रोनाल्डोचा फोटो लावला होता, खाली 'बिलीव्ह' लिहिलेला. झाले! फुटबॉलवाले पायलट तेव्हापासून म्हणतात, ती मॅच आम्ही जिंकून दिली. आणि परवा १५ तारखेला आशियाई क्लब फुटबॉल स्पर्धेच्या चिठ्ठ्या निघाल्या तर एफसी गोवा नेमका रोनाल्डोच्या अल नस्रच्या गटात! आता बाजारात क्रिकेटचे नाव कोणी काढत नाही. तो फातोर्ड्याच्या स्टेडियमवर येणार की नाही, एवढा एकच विषय.

पण तू गोव्याचा आहेस, तुला ड्रॉची किंमत मी सांगावी? आमच्या थोरल्या काकांकडे ओव्हलचा विषय काढला की ते अजून १९७१ वरच जातात. २४ ऑगस्टला त्याच मैदानावर आपण इंग्लंडमधली पहिली कसोटी आणि पहिली मालिका जिंकलो. चंद्रशेखरचे ३८ धावांत सहा बळी सगळ्यांना पाठ असतात. काका मात्र सरदेसाईंच्या ५४ आणि ४० सांगतात, मडगावच्या माणसाच्या. डिसेंबर १९६१ च्या सुरुवातीला कानपूरला ते इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळायला उतरले तेव्हा त्यांचे मडगाव अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, मुक्ती त्याच महिन्यात आली. गोव्यात जन्मून भारताकडून कसोटी खेळलेला दुसरा माणूस आजवर नाही.

आणि बघ, १९७१ ची ती मालिकाही एक-शून्यच होती. बाकीच्या दोन कसोट्या अनिर्णित, त्यातली एक मँचेस्टरचीच. तिथे ४२० चा पाठलाग करताना आपले तीन गडी ६५ धावांत गेले होते, शेवटचा दिवस पावसाने धुतला म्हणून वाचलो. त्या वेळी पावसाने दिले ते या वेळी चौघांनी बॅटने मिळवले. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनला ७५ वर पाच गेल्यावर सरदेसाईंनी सोलकरला साथीला घेऊन डाव उभा केला, स्वतः २१२ केल्या आणि वाडेकरांनी सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला. ती कसोटीही अनिर्णितच. ती मालिका आपण एक-शून्य जिंकली, बाकी चारही ड्रॉ. गावसकरच्या ७७४ धावा त्याच मालिकेतल्या, आणि गिल यंदा ७५४ वर थांबला, वीस धावा कमी. आता या २१२ ला तू शून्य म्हणणार असशील तर काकांसमोर म्हण, मी मध्ये पडणार नाही.

मालिकेच्या करंडकाचे नाव पतौडींचे होते, ते यंदा अँडरसन-तेंडुलकर केले. ते मला पटलेले नाही, तेवढे लिहून टाकतो. आपल्या तेंडुलकरचे नाव आले म्हणून आनंदच, पण पतौडींचे काढून? रस्त्याचे नाव बदलावे तसे हे झाले, जुने लोक जुनेच म्हणत राहतात.

आमचा गणपती दीड दिवसाचा, २७ आणि २८ ला. येणार असशील तर आत्ताच कळव. रेल्वेचे तिकीट मिळणार नाही हे गृहीत धर, बसनेच निघ आणि फोंड्यालाच उतर, म्हापशाला उतरून मला बोलावू नकोस. वहिनी आणि मुलगा आले तर आईला फार बरे वाटेल. काका त्या दिवशी असतीलच.

तुझा,
प्रकाश

ता. क. बुमराह मालिकेत तीनच सामने खेळला. ज्या दोन सामन्यांत तो नव्हता तेच दोन आपण जिंकलो. हे तुझ्या मुलाला सांगू नकोस, तो लगेच बुमराहला काढायला निघेल.