पोलिश शिकायला जायचे तर...

माननीय संपादक,

बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीत परदेशी प्रवेशाच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत आता पोलंडचे नाव वारंवार दिसते. इंग्रजीची परीक्षा नको, मोठी फी नको, पोलिश भाषेच्या कोर्सला नाव घाला, युरोपचा व्हिसा घ्या आणि पोहोचताच कमवायला लागा, असा त्यांचा सूर असतो. या जाहिरातींवर भरवसा ठेवून शेतजमीन गहाण टाकणाऱ्या पालकांसाठी आणि खरोखर ती भाषा शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी हे पत्र लिहीत आहे.

पोलंडमध्ये तीन महिन्यांहून अधिक राहायचे तर राष्ट्रीय, म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा लागतो. तो फार तर वर्षभराचा असतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी पोलंडचा महावाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. प्रवेशाचे पत्र, फी भरल्याची पावती, राहण्याची सोय, खर्चापुरते पैसे, वैद्यकीय विमा हे सगळे दाखवावे लागते. पण फाइल पूर्ण झाली म्हणजे व्हिसा मिळालाच असे नाही. हा मुलगा शिकण्यासाठीच चालला आहे, हे अधिकाऱ्याला पटावे लागते. पोलिशच का? पुढे तिचे काय करणार? इथे असताना काय शिकलात? एजंटाने पाठ करून दिलेली उत्तरे अशा वेळी दुसऱ्या प्रश्नालाच उघडी पडतात.

कमाईचे आश्वासन तर याहून धोक्याचे. विद्यापीठात पूर्णवेळ पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. ही सवलत नुसत्या भाषेच्या वर्गाला आलेल्याला आपोआप मिळत नाही. जाहिरातीत हा फरक कुठेच नसतो.

तपासणी कडक का झाली, हेही समजून घ्यायला हवे. पोलंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसात सीमेवरची तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहे. तिथला व्हिसा हातात आला की जर्मनी, फ्रान्सपर्यंत जाता येते आणि या वाटेचा बराच गैरवापर झाला. २०२३ मध्ये पैसे घेऊन व्हिसा दिल्याचे प्रकरण तिथे उघडकीस आले, उपपरराष्ट्रमंत्र्याला पद गमवावे लागले आणि ऐन निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला. हिंदी चित्रपटाचे युनिट असल्याचे भासवून व्हिसा घेतलेल्या भारतीयांच्या बातम्याही तेव्हा तिथल्या माध्यमांत आल्या होत्या. पुढे सरकार बदलले, तरी धोरण सैल झाले नाही. १ जुलै २०२५ पासून तर पदवीला जाणाऱ्यालाही शिकवण्याच्या भाषेचे बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी सराईत पातळीचे ज्ञान सिद्ध करावे लागते. मला हा नियम योग्यच वाटतो. त्रास होतो तो या गर्दीत प्रामाणिक मुलगाही संशयित ठरतो याचा.

माझ्या भाचीचे तेच झाले. इतिहासात एम.ए. केलेली ही मुलगी वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीवर संशोधन करते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैबेरिया आणि कझाकस्तानातून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार निर्वासित, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून कोल्हापूरजवळ राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, इस्पितळ होते. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. त्या लोकांनी लिहिलेल्या आठवणी आणि पत्रे मुळातून वाचता यावीत, एवढ्यासाठी तिला पोलिश शिकायची आहे. पण अर्जातला हेतूचा मजकूर एजंटाने आपल्या ठरावीक नमुन्यातून उतरवला. त्यात वळिवड्याचे नाव नव्हते, होते फक्त ‘युरोपातील उज्ज्वल संधी’. राहण्याच्या हेतूबद्दल शंका, असे कारण देऊन नकार आला. आता ती स्वतःच्या शब्दांत, मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र जोडून पुन्हा अर्ज करते आहे.

शिकण्याच्या चांगल्या जागा तिथे आहेत, आणि त्यांना एजंटाची गरज नाही. वूच विद्यापीठातले परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे पोलिशचे केंद्र १९५२ पासून चालू आहे. वॉर्सा विद्यापीठाचे ‘पोलोनिकुम’ १९५६ चे. क्राकूवच्या यागेलोनियन विद्यापीठातही असे वर्ग आहेत. त्यांच्याशी थेट पत्रव्यवहार करता येतो. भाषा मात्र सोपी नाही. सात विभक्ती, एकापुढे एक जोडलेली व्यंजने. तीन लिंगांची सवय असल्याने मराठी माणसाला एक धक्का कमी बसतो, इतकेच. म्हणून अर्ज करण्यापूर्वी इथेच वर्षभर तिचा अभ्यास व्हायला हवा. दूतावासातल्या प्रश्नांना त्याहून चांगले उत्तर नाही.

पण इथे शिकायचे कुठे? दिल्ली विद्यापीठात पोलिश शिकवली जाते, पण कोल्हापूर-सांगलीच्या मुलाने त्यासाठी दिल्ली गाठायची का? पोलंडची ‘नावा’ ही शैक्षणिक देवाणघेवाणीची सरकारी संस्था परदेशी विद्यापीठांत पोलिशचे शिक्षक पाठवते. शिवाजी विद्यापीठाने तिच्याकडे अशा शिक्षकाची मागणी करावी. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे आदरांजली वाहिली आणि दरवर्षी २० पोलिश तरुणांना भारतात बोलावण्याची योजनाही जाहीर केली. तशीच एक वाट इथल्या मुलांसाठी तिकडे जाण्याचीही हवी. जिल्ह्यातल्या खासदारांनी हा विषय परराष्ट्र मंत्रालयाकडे न्यावा.

आपल्याकडेही एक विनंती आहे. भाषेच्या कोर्सवर नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती छापण्यापूर्वी त्या हमीचा लेखी आधार मागावा. नसेल तर ती जाहिरात परत करावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर