'रन' दिसला की 'धावणे' लिहू नका

महोदय,

परदेशी वृत्तसंस्थांच्या बातम्या मराठीत येताना 'रन' या क्रियापदाची जी गत होते, तिच्याबद्दल हे पत्र. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या सुधारित नोंदीत या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. १९८९च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता. भाषांतराच्या यंत्राला मात्र दोनच माहीत असावेत, धावणे आणि चालवणे.

'चालवणे' बरेच निभावून नेते. दुकान, संस्था, घर, खटला, सगळे आपण चालवतोच. घोळ 'धावणे'चा. अमेरिकी नेता 'अध्यक्षपदासाठी धावणार' असे सर्रास छापले जाते. इंग्लंडात उमेदवार 'स्टँड' करतो, आपल्याकडेही तो उभाच राहतो. मग 'निवडणूक लढवणार' लिहायला काय हरकत आहे?

अर्थविषयक बातमीत चूक महागात पडते. 'बँक रन' म्हणजे बँक पळाली नव्हे (तसे छापले तर नोटीस येईल). ठेवी काढायला एकदम उडालेली झुंबड म्हणजे बँक रन. ठेवींचा बहुतांश पैसा कर्जांत आणि रोख्यांत गुंतलेला असतो, त्यामुळे सगळे एकाच दिवशी आले की धड बँकही आडवी होते. सिलिकॉन व्हॅली बँकेत ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलरची मागणी झाली.

सर्वांत नाजूक शब्द 'रन ऑफ द रिव्हर'. भारत-पाकिस्तानमधल्या सिंधू पाणीवाटप कराराच्या बातम्यांत तो हमखास येतो आणि त्याचे सरळ 'धरण' होऊन जाते. असा प्रकल्प नदीच्या प्रवाहावर चालतो. मोठा साठा न करता पाणी टर्बाइनवरून पुन्हा नदीत सोडतो, म्हणून हिवाळ्यात प्रवाह घटला की वीजही घटते. रोजच्या चढउतारापुरते थोडे पाणी अडवता येते, आणि भांडण असते ते या 'थोड्या'चे. चिनाब नदीवरच्या बगलीहार वीजप्रकल्पासाठी भारताने ३.७५ कोटी घनमीटर मागितले होते, करारानुसार नेमलेल्या तटस्थ तज्ज्ञाने २००७ मध्ये ३.२५६ कोटी मान्य केले. 'धरण' म्हटले की हा वादच वाचकाला कळत नाही.

तेव्हा आधी कर्ता पाहावा. पाणी वाहते, करार लागू राहतो, नाटकाचे प्रयोग होतात, कपड्याचा रंग सुटतो. मग 'रन'पुढचा चिमुकला शब्द. 'आउट' असेल तर साठा संपला, क्रिकेटमध्ये फलंदाज धावबाद. 'डाउन' असेल तर बॅटरी उतरली, इमारत असेल तर मोडकळीस आली. 'ओव्हर' असेल तर गाडीने चिरडले, पण बैठक असेल तर ती नुसतीच लांबली. 'इनटू'पुढे माणूस असेल तर तो अचानक भेटला. आकडा असेल तर खर्च तितक्या कोटींच्या घरात गेला.

— एक भाषांतरकार, पुणे