राक्षस टिकले ते रंगभूषेमुळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या हॉलिवूड भयपटांतले राक्षस अजून लोकप्रिय आहेत, याचे श्रेय सहसा कथेला किंवा माणसाच्या मनातल्या भीतीला दिले जाते. रंगभूषाकार मात्र विसरला जातो. मेरी शेलीच्या १८१८ च्या 'फ्रँकेनस्टाइन' कादंबरीतला, प्रेतांच्या अवयवांतून घडवलेला जीव पिवळट कातडीचा, लांब काळ्या केसांचा आणि चांगला बोलणारा आहे. आज पोरेसोरे ज्याचे चित्र काढतात तो सपाट डोक्याचा चेहरा १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन' चित्रपटासाठी युनिव्हर्सल स्टुडिओत रंगभूषाकार जॅक पिअर्सने नट बोरिस कार्लॉफवर घडवला.

सपाट डोक्यामागे पिअर्सचा तर्क होता. मेंदू बसवायचा तर कवटी पातेल्याच्या झाकणासारखी आडवी कापावी लागेल! कापूस आणि कोलोडियनचे (वाळल्यावर पापुद्रा धरणारे द्रावण) थर देत त्याने कपाळ चढवले. पापण्यांवर मेण लावून त्या जड केल्या. कार्लॉफने दातांचा ब्रिज (काढता येणारे खोटे दात) काढून ठेवल्याने एक गाल आपोआप खोल गेला. मानेतले ते 'खिळे' म्हणजे विजेचे इलेक्ट्रोड. रोज सुमारे चार तास हे काम चाले. रंग हिरवट-करडा होता, कारण कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा फिका उतरे.

पुढे १९५७ मध्ये 'शॉक' नावाने ५२ जुने चित्रपट अमेरिकी टीव्ही केंद्रांना विकले गेले आणि हे चेहरे घरोघरच्या मुलांपर्यंत पोचले.

गॅदरिंगमध्ये किंवा एकांकिकेत हा चेहरा करताना घोळ होतो तो या हिरवट रंगापाशीच. फोटो पाहून तोंडाला हिरवा रंग फासतात आणि रंगीत प्रकाशझोतात राक्षस विनोदी दिसतो. तळाला करडा रंग घ्यावा, डोळ्यांखाली आणि गालाच्या खळग्यात जांभळट छटा द्यावी. कपाळासाठी कापसाचे पातळ थर स्पिरिट गमने (रंगभूषेत कातडीवर लावायचा डिंक) बसवावेत, एक पूर्ण वाळल्यावरच दुसरा. एकदम जाड थर दिला तर तो आत ओला राहतो आणि घाम आला की कडेने सुटतो. कापसाची कड कात्रीने कापू नये, बोटांनी विंचरून विरळ करावी. नाहीतर पहिल्या रांगेतून शिवण दिसते. भुवयांना आधी व्हॅसलिन लावावे. कोलोडियनच्या नादी मात्र लागू नये. त्यात ईथर असते, ते पटकन पेट घेते आणि वाळताना कातडी आक्रसते. डोळ्यांजवळ तर ते नकोच.

भयपटांवर लिहिताना नटाच्या नावाशेजारी पिअर्सचेही नाव छापावे, एवढी विनंती.

– एक रंगभूषाकार, पुणे