पाठ कर माझा नंबर

प्रिय मित्रा,

काल फोनवर बोलता बोलता तू सांगितलंस की गेल्या आठवड्यात तुझं पाकीट मारलं गेलं. लगेच म्हणालास, "जाऊ दे, पैसे होते कुठे त्यात!" बँकेचं कार्ड बंद केलंस हे चांगलं केलंस, पण त्यात तुझं रेसिडेन्स कार्डही होतं, परदेशात राहायचा तुझा परवानाच तो. पोलिसांत गेलास का विचारलं, तर विषय बदललास. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून हे पत्र.

डिग्री हातात, नोकरीचा पत्ता नाही आणि व्हिसाचे दिवस सरत चाललेत, ही अवस्था मी भोगली आहे. तेव्हाची एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मुलाखतीनंतर नकार आला होता. ट्रेनमध्ये दाराजवळच्या सीटवर बसून ती मेल मी तिसऱ्यांदा वाचत होतो. दार बंद होता होता एक हात आत आला आणि फोन गेला. काचेतून पाहिलं तर तो माणूस पळतसुद्धा नव्हता, प्लॅटफॉर्मवरून शांतपणे चालत होता. माझी बोटं अजून फोन धरल्यासारखीच वळलेली होती.

फोन उघडाच होता. मेल त्यात, बँकेचे ओटीपीही त्यावरच यायचे. मी मात्र तीन दिवस कुणाला काही बोललो नाही. घरचे आधीच काळजीत, त्यांना आणखी घोर कशाला? आणि पोलिसांकडे गेलो तर व्हिसाचं काही निघेल, ही उगाच भीती. त्या तीन दिवसांत खात्यात होतं नव्हतं ते गेलं. "इतके दिवस का थांबलात?" असं बँकेतल्या बाईंनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोरीपेक्षा तो प्रश्न जास्त लागला.

म्हणून हात जोडून सांगतो, तक्रार कर. चोरी तुझी झाली आहे, तू केलेली नाहीस. नवं कार्ड काढायला, विम्याला, पुढे कुणी तुझ्या नावावर काही उद्योग केले तर ते तू केले नाहीत हे दाखवायला, सगळीकडे त्या तक्रारीचा नंबर मागतात. पोलिसांशी बोलताना अडलं तर वकिलातीला कळव. परदेशातल्या आपल्या नागरिकांना मदत करणं हे तिचं कामच आहे, 1963 च्या व्हिएन्ना करारात तसं लिहिलेलं आहे.

फोनचं आज रात्रीच बघ. सिमला पिन लाव, नाहीतर चोर ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तुझे ओटीपी घेतो. फक्त आधी पीयूके कोड, म्हणजे अडकलेलं सिम उघडणारा नंबर, लिहून ठेव, कारण पिन तीनदा चुकला की सिम अडकतं. *#06# दाबलंस की 15 आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल, तोही कागदावर उतरव. तुझा फोन अँड्रॉइड आहे ना? हातातून हिसकावला गेल्याचं ओळखून स्क्रीन आपोआप लॉक करणारी सोय आता अँड्रॉइड 10 आणि पुढच्या फोनांत मिळते, ती चालू कर.

पासपोर्ट रोज खिशात नको, तिथल्या कायद्याने सोबत ठेवावाच लागत असेल तर गोष्ट वेगळी. पण तो हरवला असं वाटलं तर आधी खोली नीट धुंडाळ. हरवल्याची नोंद झाली की तो रद्द होतो, नंबर इंटरपोलच्या यादीत जाऊ शकतो आणि मग उशीखाली सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही.

आता खरी भीती सांगतो. पाकीटमार पाकीट नेतो, पण काही लोक तुझ्यासारख्या अडलेल्या माणसाचं नाव वापरायला बघतात. "तुमच्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून बाकीचे पुढे पाठवा, घरबसल्या काम." मलाही असा मेसेज आला होता. भाडं थकलं होतं, मी तो दोन दिवस पुसला नव्हता. ते पैसे चोरीचे असतात रे. खातं गोठतं, गुन्हा तुझ्या नावावर चढतो आणि पुढच्या व्हिसा अर्जात तो लपवता येत नाही. खोली न पाहता डिपॉझिट मागणारा आणि नोकरी देण्याआधी फी मागणारा, यांनाही दारात उभं करू नकोस. पैशांची अडचण असेल तर मला सांग. माझ्याकडेही फार नाहीत, पण तू असा मेसेज उघडून बसण्यापेक्षा मला रात्री दोनला उठवलेलं चालेल.

उद्या सकाळी पोलिसांत जा. जाताना फोन कर, तुझं काम होईपर्यंत मी लाइनवर थांबतो. आणि एवढं कर, माझा नंबर पाठ कर. माझा फोन गेला तेव्हा मला तुझा नंबर आठवला नव्हता. पाठ झाला की दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मला लाव. अनोळखी नंबर असला तरी मी उचलेन.

तुझाच,
मित्र