मंत्री महोदय, निष्काळजी कोण?

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग

सविनय नमस्कार.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी केलेला माझा अर्ज आपल्या खात्याने परत पाठवला. शेरा असा: ‘अपूर्ण. निष्काळजीपणे भरला आहे.’ शेवटच्या पानामागे एका रकान्यात सही राहिली होती. मला ॲस्पर्गर आहे, म्हणजे ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) एक प्रकार. असे तपशील नजरेतून निसटतात, हेच मी त्या अर्जात पानभर लिहिलं होतं. पुरावा आपल्या हातात पडला आणि आपण त्यालाच नकाराचं कारण केलंत. शाबास!

त्याच अर्जात १४ नंतर थेट १६ क्रमांक छापलाय. ते मला पहिल्या नजरेत दिसलं, आपल्या सचिवांना अजून दिसलेलं नाही. त्यांच्या फायलीवर कोण शेरा मारणार? माझं लक्ष कमी नाही, साहेब. ते एका जागी रुततं आणि मग बाजूचं काही दिसत नाही. संशोधक याला ‘मोनोट्रॉपिझम’ म्हणतात, निदान २००५ पासून तरी त्यावर लिहिलं जातंय. आपल्या खात्यात ते पोचायला किती पिढ्या लागतील?

खिडकीवर बाईंनी एका दमात सांगितलं, झेरॉक्स जोडा, मागे सही करा, पोच तिकडून घ्या. शिक्के आपटत होते, शेजारी भांडण चाललं होतं. “इकडे बघून ऐका!” बघितलं, म्हणूनच ऐकू आलं नाही. माणसाच्या डोळ्यांत बघणं आणि त्याचं ऐकणं मला एकदम जमत नाही. वर “शिकलेले दिसता की!” हे शाळेपासून ऐकतोय. गणित बरोबर, प्रश्नाचा क्रमांक राहिला, शून्य. नोकरीत अहवाल उत्तम, तारीख चुकली, बढती गेली. घरीही बायकोला वाटतं, मला तिची पर्वा नाही. त्याचं काय करू, तेही आपल्या परिपत्रकात असेल तर कळवा.

शिवाय संगणकाच्या यादीत म्हणे ‘ॲस्पर्गर’ नाहीच. २०१३ मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेने ते नाव ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये विलीन केलं. माझा निदानाचा कागद त्याआधीचा. नाव गेलं म्हणून मी बरा झालो का? आणि तोवर त्या पुस्तिकेनुसार ऑटिझमवाल्याला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नसल्याचं, निदान देताच येत नव्हतं. म्हणजे लक्ष निसटतं म्हणून डॉक्टरकडे जावं, तर तिथेही रकाना नाही!

जागतिक आरोग्य संघटना १२७ माणसांत एक ऑटिस्टिक म्हणते, आधी शंभर मुलांत एक म्हणायची. कुठलाही आकडा धरा आणि आपल्या मतदारयादीला भागून बघा.

‘सुलभ कार्यालय’ म्हणून आपण रॅम्पची फीत कापलीत. रॅम्प हवाच. पण आमच्यासाठी काय? सूचना लेखी द्या, एका वेळी एकच. अर्ज फेटाळण्याआधी काय राहिलं ते सांगा आणि तिथेच भरू द्या. याला निधी लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणाला रस नाही. इथे गरज कोण तपासतो? रकाने तपासतात. बिनचूक अर्ज भरेल त्याला मदत, म्हणजे ज्याला ती सर्वांत कमी लागते अशा माणसाला.

उत्तर लेखीच पाठवा. फोन करू नका.

आपला,
एक ‘निष्काळजी’ अर्जदार