कॉकसच्या रात्री कामावर असणाऱ्यांचे काय?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला अमेरिकेतल्या २००८ च्या अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीवरचा लेख वाचून राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. ओबामांच्या भाषणांची लाट आली आणि हिलरी क्लिंटन वाहून गेल्या, असे लेखक म्हणतात. मग न्यू हॅम्पशायर, कॅलिफोर्निया, ओहायो बाईंनी कशी जिंकली?

सगळा खेळ हिशेबाचा होता. ५ फेब्रुवारीला एवढ्या मोठ्या लोकवस्तीचे न्यू जर्सी क्लिंटन यांनी जिंकले, प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे) ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ जास्त. त्याच दिवशी कमी वस्तीच्या आयडाहोत ओबामांना १५ आणि क्लिंटन यांना ३, म्हणजे १२ कमी! प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात, हे ओबामांचे प्रचारप्रमुख डेव्हिड प्लफ यांनी ओळखले आणि कॉकसच्या, म्हणजे मतदारांनी ठरल्या वेळी एकत्र जमून उमेदवार निवडायच्या सभांच्या, लहान राज्यांत आधीपासून माणसे पेरली. क्लिंटन यांच्या मंडळींनी ती राज्ये जवळजवळ सोडूनच दिली.

आयोवातला कॉकस मी डोळ्यांनी पाहिला आहे. ३ जानेवारीला मी डे मॉइनला थोरल्या बहिणीकडे होते. ओबामांचा विशीतला एक कार्यकर्ता पंधरवड्यात तीनदा दारात आला. तिसऱ्या खेपेला, ‘तुमचा उमेदवार बाद झाला तर दुसरी पसंती कोणाला?’ हेही विचारून टिपून घेऊन गेला. ताई क्लिंटनबाईंची. तिच्या बाजूचे मात्र कोणी फिरकले नाही.

ताई परिचारिका. त्या दिवशी तिची दुपारी तीन ते रात्री अकरा ड्यूटी. कॉकस संध्याकाळी सातला, आणि जो समक्ष हजर त्याचेच मत. टपाली मत तेव्हा नव्हते, आधी देऊन ठेवायची सोय नव्हती. बदलीसाठी तिने चौघींना फोन केले, एकीलाही जमले नाही.

शेजारीण मला शाळेच्या जिममध्ये बघायला घेऊन गेली. ज्याचा त्याचा गट आपापल्या कोपऱ्यात उभा. जमलेल्यांपैकी पंधरा टक्के भरले नाहीत तर गट मोडायचा. तेव्हाचे आणखी एक उमेदवार बायडेन यांच्या कोपऱ्यात नऊच माणसे होती. गट मोडताच ओबामांकडच्या एक बाई हातात दुसऱ्या पसंतीच्या टिपणांचा कागद घेऊन थेट नेमक्या माणसांपाशी गेल्या. सहा जण त्यांच्याकडे वळले. क्लिंटन यांच्या कोपऱ्यातले लोक नुसते हाका मारत राहिले.

ताई साडेअकराला आली आणि अंगातला कोट न काढताच विचारती झाली, ‘आपल्या कोपऱ्यात किती होते गं?’ मला सांगवेना. नागरिकत्व मिळाल्यानंतरचे तिचे हे पहिलेच कॉकस होते.

ही एकट्या ताईची गोष्ट नाही. वॉशिंग्टन राज्यात ९ फेब्रुवारीच्या कॉकसमध्ये ओबामांना ६८ टक्के, क्लिंटन यांना ३१. दहाच दिवसांनी तिथेच प्रायमरी, म्हणजे साधे मतपत्रिकेचे मतदान, झाली, तिच्यावरून प्रतिनिधी ठरायचे नव्हते, पण तिथे ओबामांना ५१ आणि क्लिंटन यांना ४६! पाळीत काम करणाऱ्यांना कॉकसला येता येत नाही, अशी तक्रार क्लिंटन यांनी नंतर केली. ती रास्त होती. पण नियम आधीपासून छापलेले होते, ते वाचून ताईसारख्यांसाठी वर्षभर आधी भांडायला हवे होते. मी ओबामांना दोष देत नाही. लेखात मात्र यावर एक ओळ नाही, याचा राग आहे.

आणखी एक. लेखासोबतच्या नकाशात दोन्ही उमेदवारांची राज्ये एकाच करड्या रंगात छापली आहेत. भिंग घेऊनही आयडाहो कोणाचे ते कळत नाही. कृपया तो नकाशा नीट करून पुन्हा छापावा.

— आपली एक नियमित वाचक, सांगली