चौथ्या पंचांच्या जागेवर उभ्या असलेल्या सरांना

आदरणीय सर,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही मला जे शिकवलंत, ते नव्याने शिट्टी हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं वाटतं.

तो फुटबॉल सामना तुम्हाला आठवत असेल. मी पेनल्टी नाकारली आणि एका संघाचे प्रशिक्षक ओरडत रेषेपर्यंत आले. मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो, बोट रोखलं आणि त्यांच्याहून वरच्या पट्टीत बोललो. तुम्ही चौथे पंच होतात, म्हणजे मैदानाबाहेर राहून दोन्ही संघांचे बाक सांभाळणारे. त्यांच्यासमोर न जाता तुम्ही शेजारी, मैदानाकडे तोंड करून उभे राहिलात. त्यांचं सगळं बोलून होऊ दिलंत. मग हळूच विचारलंत, "तुम्हाला नेमकं काय दिसलं?" मिनिटभरात ते बाकावर जाऊन बसले.

मध्यंतरात वाटलं, आता पेनल्टीवरून बोलणी खावी लागणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "ते बोट आवर. हात वर जायचा तो कार्ड दाखवायला."

प्रश्न आला तर दोन वाक्यांत उत्तर, चिडचिड असेल तर कानाआड, अपमान झाला तर मात्र कारवाई. घटना दिसली नसेल तर "मला दिसलं नाही" असं सरळ सांगायचं. हे मी लवकर शिकलो. जड गेलं ते दुसरंच: आपली चूक उमगल्यावर, जिचा तोटा झाला त्या संघाच्या पदरात पुढचा निर्णय टाकून भरपाई करायची नाही. तो मोह फार मोठा असतो, सर. अजूनही होतो.

2019 पासून नियमानेच प्रशिक्षकांनाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं, त्यामुळे आम्हा नव्यांचा हात चटकन खिशाकडे जातो. गेल्या महिन्यात बाकाजवळ कुणीतरी रागाने पाण्याची बाटली आपटली. कोणी, ते कळेना. अशा वेळी कार्ड तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना जातं. मी चालत गेलो, पिवळं दाखवलं.

"मी नाही आपटली!"

"असेल. पण कोणी ते कळलं नाही, तर नियमाने ते तुमच्याकडे येतं."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग वळून स्वतःच आपल्या बाकाला गप्प केलं. माझा आवाज चढला नव्हता. बोटही खालीच होतं.

तुमचे मनापासून आभार, सर.

तुमच्या हाताखाली तयार झालेला,
एक पंच